आईची कॅसेट आणि साबणाच्या डबीएवढं यंत्र

चि. धाकटे,

आधी आली नात, रिकाम्या हातांनी. मागून नातजावई, दोन्ही काखांत एकेक यंत्र आणि तिसरं खिशात. (आशीर्वाद राहिलेच, ते घे. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटली बघतेस?) बेत असा, की घरातल्या सगळ्या कॅसेटी एका यंत्रात भरायच्या, आणि मी स्वयंपाकघरात असो की अंथरुणात, फोनवर बोट ठेवलं की गाणं हजर! आनंदाने मी चहात दोनदा साखर घातली.

यंत्र स्वस्तातलं हवं, म्हणून सगळं जुनंपानं. एक कचेरीतून मोडीत निघालेला कॉम्प्युटर. सुरू केला तर असा घरघरला की शेजारीण बघायला आली. दुसरा लॅपटॉप, पडदा फुटलेला. तिसरं ते खिशातलं, साबणाच्या डबीएवढं. नातजावई म्हणाला, "आजी, हेच घ्या, आवाज नाही, वीज अगदी नावाला." नात म्हणाली, "तू गप रे, तिला ठरवू दे." (मला अजून विचारतात गं!) मी डबीला हो म्हटलं. गाणी साठवायला तिला एक डिस्क जोडली.

पहिली कॅसेट मी आपल्या आईची दिली. माझ्या पोराला झोपवताना ती गाते, मध्येच तू शिंकतेस, तीच. गाणं पूर्ण आत गेलं आणि काढताना फीत अडकून तिचे तुकडे झाले. मी तुकडे गोळा करायला लागले, पण नातजावई म्हणाला, "काळजी नको, यंत्रात आलंय." पुढची कॅसेट लावून दोघं बाजारात गेली, मी भाजी बघायला उठले, आणि (आपल्या आप्पांची शिस्त तुला ठाऊकच, खोलीतून निघताना भिंतीवरची बटणं बंद) माझा हात आपोआप गेला गं! परत येऊन बघतात तर डबी मुकी, डिस्क उघडेचना. मी म्हटलं, वीज गेली होती. फ्रिज त्या वेळी मजेत गुणगुणत होता.

नातजावई भला. म्हणाला, इथली वीज अशी असेल तर फुटक्या पडद्याचा लॅपटॉपच बरा, त्याला स्वतःची बॅटरी असते. तो मांडून दिला, आणि काही वाचतंय का बघायला दोघं डिस्क घेऊन गेली. तेव्हापासून तासातासाने लॅपटॉपला हात लावते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. आत आईचं गाणं नाही, तरी लावते.

तुझी,
थोरली

ता. क. बटणावर चिकटपट्टी लावली आहे. दोनदा उपटून झाली.

ता. क. आणखी एक. त्या कॅसेटची दुसरी प्रत तुझ्याकडे आहे. नाही म्हणून लिहू नकोस. आई गेली त्या आठवड्यात तू ती साड्यांच्या घडीत घालून नेलीस, मी दारातून बघत होते. इतकी वर्षं बोलले नाही, आताही बोलत नाही. फक्त ती घेऊन ये. पोस्टाने नको, तू स्वतः ये. आणि वीज गेली नव्हती हे तुला एकटीलाच ठाऊक आहे. नात निघताना माझ्या कानाशी हसून म्हणाली, "आजी, आम्ही येईपर्यंत वीज सांभाळ हं." ती दोघं रविवारी सकाळी परत यायची आहेत.