वीतभर वर

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुझ्याशी बोलायचंय. लिहितेय माझी नात. तू मला शाळेऐवजी राई गावच्या मिठागरात नेलंस, तेव्हा अक्षर माझं नाही याबद्दलची तक्रार तुझ्याचकडे.

ही पोरगी विमान चालवायला शिकतेय. शांती नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या परातीशेजारी तक्ते पसरून आकडे काढत बसते. धावपट्टी किती लांब, ओली की कोरडी, विमानाचं वजन किती, यावरून एक वेग आधीच ठरवायचा. धावताना तो वेग गाठायच्या आत बिघाड झाला तर थांबायचं. तो ओलांडला की एक इंजिन गेलं तरी उडायचंच, कारण थांबायला पट्टी उरत नाही. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघून ठरवा की. म्हणाली, "आजी, तेव्हा विचार करायला वेळ नसतो." अगदी तुझंच तोंड.

तूही उधाणाआधी, कोरड्यात, बांधावरच्या काठीला चिंधी बांधायचास. पाणी चिंधीला लागलं की मीठ टाकून सगळ्यांनी गावाकडे निघायचं, वाद नाही. मागे राहिलेली रास विरघळायची आणि शेजारच्या बायका मला हसायच्या, "तुजा बा पान्याला भितो." एवढा आडदांड माझा बा, आणि भितो?

मग एका वर्षी रास जवळजवळ सगळी आली. माझा दादा शेवटची टोपली घेऊन येत होता, पाणी अजून चिंधीच्या खालीच होतं, आणि त्याच्या पायाखालचा बांध गेला. तिसऱ्या दिवशी तो मोरवा गावाच्या बाजूला सापडला. तू काठी उपटून आणलीस, ओटीवर टाकलीस आणि म्हणालास, "माजी निशानी चुकली." मग मरेपर्यंत चिंधी बांधली नाहीस. भरती आली की नुसता सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचास.

काल नातीला विचारलं, ओली पट्टी कोरडी धरून आकडा काढला तर? ती हसली नाही. म्हणाली, "मग वैमानिक बरोबर वागूनही मरतो." माझी भाकरी करपली. तीच सगळ्यांना वाढली.

पाकीट आणू का, नात विचारतेय. पत्ता कुठला घालणार? ठेव पिठाच्या डब्याखाली. पण आधी हे लिही, पोरी. बा, निशाणी तुझी बरोबर होती. त्या सकाळी चिंधी सोडून मी वीतभर वर बांधली होती.

तिचा हात थांबलाय. लिहिलंस का, विचारलं, तर हो म्हणते. मला वाचता येत नाही. तुलाही येत नव्हतं, बा. हे तोंडानंच सांगायचं होतं.