रिकाम्या हातानं ये

स्टुटगार्ट,
१४ मे २०१६

ती. नागेशदादास,

अरूचा नमस्कार. नमस्कार केला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, मी भयंकर चिडलेय तुझ्यावर.

इकडे सगळं ठीक. चौथीतल्या पोरांची इथे पोलीस सायकलची परीक्षा घेतात. ईश्वरी पास झाली! दाराच्या काचेतून तिनं मला लायसन्स दाखवलं. मी मराठीत शाबासकी दिली, तिनं जर्मनमध्ये विचारलं, आई बाहेर कधी येणार. श्रीपाद गाऊन, मास्क, हातमोजे चढवूनच आत येतो. हा कागदही खोलीबाहेर न्यायचा नाही, म्हणून तो फोटो काढून तुला पाठवेल. फोनवरच झापलं असतं, पण हल्ली माझा आवाज ऐकला की तू फोन वहिनीच्या हातात देतोस.

व्हिसा आला, तिकीट झालं, आणि आता म्हणे दादा येत नाही. एवढ्या शोधाशोधीत बोन मॅरो जुळला तो एकट्या तुझा! आणि कारण काय, तर "माझ्या गोळ्यांनी तिची ही दशा केली, आता पुन्हा माझ्याच हातून काही नको." श्रीपादनं सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

अरे, तुझ्या मिरजेच्या दुकानातल्या गोळ्या काय मी एकटीनं खाल्ल्या? इथला डॉक्टर घसा दुखला की चहा प्या, झोपून राहा म्हणतो. म्हणून तिकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि अँटिबायोटिकच्या पट्ट्या. बरं वाटलं की उरलेली पट्टी शेजारणीला. माझ्या इथल्या मैत्रिणीकडे, सुधाकडे तर त्या मसाल्याच्या डब्याशेजारी असतात. मी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं. माझ्या अंगातला हा औषधांना न जुमानणारा जंतू त्या गोळ्यांनी माजला, पुण्यात अपेंडिक्स काढलं तेव्हा चिकटला, की इथेच लागला, हे सांगता येणार नाही म्हणाल्या. मग तू कोण लागून गेलास सांगणारा?

वर 'सगळं ठीक' लिहिलंय ना, ते खरं धरू नकोस.

मार्चमध्ये केमोनंतर पांढऱ्या पेशी संपल्या, तेव्हा हा जंतू रक्तात शिरला. तुम्हाला 'थोडा ताप' सांगितलं होतं. मी आयसीयूत होते, दादा. एकेक औषध फुकट गेलं. शेवटी एक जुनं औषध लागू पडलं, तेही किडनीला दणका देऊन. जंतू अजून आतड्यात ठाण मांडून आहे. ट्रान्सप्लांटच्या वेळी माझ्या अंगात लढायला काहीच उरणार नाही. तेव्हा तो उठला, तर ते औषध पुन्हा चालेलच असं नाही. अशा पेशंटमधले बरेच जण वाचत नाहीत, हे डॉक्टरबाईंनी समोर बसून सांगितलं. आणि ट्रान्सप्लांट नाही केला तर ल्युकेमिया परत येणार का, विचारलं. "या, गेनाऊ," म्हणाल्या, म्हणजे हो, अगदी. येणारच.

मी सही करून टाकली.

भीती वाटते रे. खूप वाटते. पण भीतीपायी या खोलीत वाट बघत मरायला मी तयार नाही. आमच्या घराजवळच्या त्या चढावर ईश्वरी पुढे आणि मी मागून धापा टाकत सायकल मारणार आहे. तो जंतू माझ्या पोटात फुकट राहतोय, तो काय मला अडवणार!

नीट वाच. मी गेले, तर जंतूनं गेले, तुझ्यामुळे नाही. हे माझ्या अक्षरात आहे, फोटो जपून ठेव. पण तू आला नाहीस म्हणून गेले, तर ते मात्र तुझ्यामुळे. तेव्हा मग रडत बस.

बहिणीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आईनं आपल्याला शिकवलं. यंदा मोड ते. भाजणी नको, मेतकूट नको, गोळ्या तर नकोच नको. मला हवंय ते तुझ्या हाडांत आहे. तेवढं घेऊन ये.

तुझ्याशी भांडायला शिल्लक राहिलेली,
आणि पुढेही राहायचं ठरवलेली,
अरू