सोपानभाऊंच्या शोधाचा ग्रुप

१९ जुलै
पुन्हा एक ग्रुप! लोहगडवाडीचे सोपानभाऊ, गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरी विकतात ते, काल म्हैस शोधायला रानात गेले ते परतलेच नाहीत. शोधपथकाचे निरोप टाकायचं काम माझ्याकडे. लिहिलं, 'वलवणच्या मुलांनी दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघा.' उत्तरं काय? हात जोडलेली चित्रं! एकाने कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला.

दुपारी
घळीतून हाक आली! त्यांच्या बायकोने, नंदाबाईंनी, फोन केला— 'त्यांचाच आवाज हाय ताई, मी वळखते की.' लगेच टाकलं: जिवंत आहेत, लवकर या. त्याखाली पहिला प्रश्न— 'मॅडम, तिकडचा धबधबा चालू आहे का? उद्या येतोय.' कपाळ माझं!

२० जुलै
काल संध्याकाळी एका भावी सरपंचाने सोपानभाऊंचा हार घातलेला फोटो टाकला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली स्वतःचा फोटो, त्यांच्याहून मोठा! मग रांगच लागली. आपण मागे राहायला नको ना! माझा निरोप वर कुठेतरी गाडला गेला, आणि वलवणची मुलं स्ट्रेचर घेऊन निम्म्या वाटेवरून परत गेली. त्यांच्यातल्या कैलासचा फोन लागला तो आज सकाळी. 'ताई, आमाला वाटलं संपलं सगळं. बॉडीच काढायची तर सकाळी पोलिसांसंगं काढू म्हनलं.'

माणूस रात्रभर पावसात पडून! आणि त्यांची सारिका नाशिकला, ओली बाळंतीण. तिने ते मोबाईलवर वाचलं. नंदाबाईंनी फोन करून खरं सांगेपर्यंत नुसती हंबरडे फोडत होती म्हणे.

भावी सरपंचाला झापलं. म्हणतो, 'मॅडम, सगळेच टाकत होते.' पहिला तूच होतास ना रे बाबा!

संध्याकाळी
काढलं! श्वास चालू आहे. तळेगावला दवाखान्यात नेलं. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस, आणि त्याच महाशयांचा नवा फोटो— 'आमच्या प्रयत्नांना यश.' रडावं की हसावं!

२१ जुलै
शुद्धीवर नाहीत. दिवसभर ग्रुपवर 'गेट वेल सून'. एकानेही रक्ताचं विचारलं नाही.

२२ जुलै
सकाळी सोपानभाऊ गेले. डॉक्टर म्हणाले, एक रात्र आधी आणलं असतं तर वाचले असते.

नंदाबाईंचा फोन आला. 'ताई, ग्रुपवर काय बी टाकू नका. जावई सारिकाला घिऊन निघाल्यात. ह्या टायमाला तिला मी सांगनार.'

ग्रुपवर विचारतायत, भाऊ कसे आहेत? मी काहीच लिहिलेलं नाही.