उपवासाच्या दुसऱ्या दिवशी

तलवाडा,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वनमालास,
वहिनीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीच्या गडबडीत पोचलं. गडबड गल्लीत होती, आपल्या घरी कसली? भाऊबीजेला तू आली नाहीस ते बरंच केलंस. ज्याला ओवाळायचं तो पाटावर नाही, मग ताट कुणापुढं धरणार होतीस? तरी संध्याकाळी दोनदा दारात जाऊन आले, एवढं खरं.

दिवस कसे जातात म्हणून विचारलंस. बायांबरोबर कापूस वेचायला जाते. घरी आले की जुना पेपर घेऊन बसते. मी शाळेत गेले नाही, वाचायला पाट्या बघून शिकले, त्यामुळं जोडाक्षराला अजून अडते. अडले की तुझे दादा ओट्यावरून शब्द पुरवायचे. आता अडले की तो शब्द सोडून पुढं जाते. चार महिन्यांत असे लई शब्द सुटले.

तुझी झोप उडाली, घास उतरत नाही, आणि मोहनराव म्हणतात की भाऊ सगळ्यांचेच जातात, तू एकटीच कावून, कशासाठी रडतीस? हे वाचून जीव तुटला. तर एक गोष्ट सांगते. मी दर महिन्याला गुडघ्यासाठी बीडला जाते असं लोकांना सांगितलंय. खरं तर मनाच्या डॉक्टर मॅडमकडे जाते. त्यांनी रोज रात्री जेवणानंतर एक गोळी दिली आहे. नाव लांबलचक, अमिट्रिप्टिलीन. आधी तोंडाला कोरड पडली, सकाळी डोकं जड व्हायचं. पण तीन आठवड्यांनी झोप लागायला लागली, आणि एके दिवशी मी माझ्या मनानं भाजीत खोबरं घातलं. तोवर मीठ घालायचं भानही नव्हतं.

तुझं माझं दुःख एकाच माणसाचं आहे, तेव्हा औषधही एकच चालेल. जुन्या चिठ्ठीवर जमीलभाईच्या मेडिकलातून जास्तीच्या दहा आणल्या, त्याला काही बोलले नाही. या पत्रात घडी घालून ठेवल्या आहेत. रोज एक घे. उपवास असला की मी गोळी घेत नाही, दुसऱ्या दिवशी दोन घेते, म्हणजे भरून निघतं. तूही तसंच कर. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि फोनही मोहनरावांच्या खिशात, म्हणून हे सगळं कागदावर. कुणाला कळू देणार नाही, हा माझा शब्द.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी,
बायनाबाई


सिरसाळा,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस,
वनमालाचा सा. न. वि. वि.

पत्र सोमवारी मिळालं. पाकिटात काय वाजतंय म्हणून यांनी विचारलं. मी म्हटलं, नारायणगडाचा अंगारा हाय. त्यांनी हात जोडले! वहिनी, तुमच्या गोळीला नमस्कार करणारा माझा नवरा पहिलाच असेल.

गुण पहिल्याच दिवशी आला. दूधवाला हाका मारून गेला तरी मला पत्ता नाही (तसा तो मला एरवीही ऐकू येत नाही, पण यांनी सांगितलं). तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरीचा घास ताकाशिवाय गिळत नाही. सकाळी उठताना घर फिरतं, भिंत धरून उभी राहते. म्हटलं, सुरुवातीला चालायचंच.

आता सकाळी छातीच्या दोन आणि रात्री ही एक, म्हणजे मी चालतं मेडिकलच झाले. छातीचं तुम्हाला कळवलं नव्हतं. दादांच्या तेराव्यानंतर धडधड वाढली म्हणून परळीला दाखवलं. ठोके मधेच चुकतात म्हणाले. दादा त्याच दुखण्यानं गेले, मग तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? काळजी करू नका, गोळ्यांनी आता बरं आहे.

इथं निवडणुकीच्या गाड्या दिवसभर ओरडतात. बहिरेपणाचा एवढा एक फायदा. सोमवारी संकष्टी आहे. तुम्ही सांगितलं तसं त्या दिवशी गोळी सोडीन आणि मंगळवारी दोन घेईन. यांना मात्र कळता कामा नये. त्यांच्या तोंडी एकदा येडी हा शब्द आला की माझं उरलेलं आयुष्य त्याच नावानं जाईल.

दादांच्या माघारी माहेर म्हणून तुम्हीच आहात, तेवढं राहू द्या.
तुमची,
वनमाला


तलवाडा,
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वनमालास अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या हाती कधी पडेल ठाऊक नाही. पडेल तेव्हा तू ते वाचण्याइतकी धड असावीस, म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र काल दिवेलागणीला मिळालं. छातीच्या गोळ्यांपाशी आले आणि पुढं वाचवेना. आज सकाळी जमीलभाईनं दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसले. गोळ्यांच्या खोक्यातला कागद मागून घेतला. तो सगळा इंग्रजीत. मला इंग्रजीतला एकच शब्द ओळखता येतो, हार्ट. तुझ्या दादांच्या दवाखान्याच्या फायलीवर होता, तिथं बघून बघून पाठ झाला. त्या कागदावर तो एकदा नाही, चार वेळा होता.

जमीलभाईला सगळं खरं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, खाला, ज्याचे ठोके चुकतात त्याला ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची न्हाई, आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून तर कुणीच घ्यायची न्हाई. उपवासाचं असं हाय हे मला आधी कावून नाही सांगितलं, म्हणाला. मला वाटलं होतं, देवाचं आणि औषधाचं मी नीट जमवलंय.

तिथूनच मोहनरावांना फोन लावला. ते मतदानाच्या रांगेत होते. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मी कुणाला मत द्यायचं ते सांगते आहे. मी ओरडून सांगितलं की तुमच्या बायकोला मी मनाच्या गोळ्या पाठवल्या, काल रात्री तिनं दोन घेतल्या असतील, आत्ता घरी जा, गोळ्या ज्यात आहेत तो चंदेरी कागद बरोबर घ्या आणि दवाखान्यात न्या. फोन बंद झाला.

त्यानंतर सात वेळा लावला. उचलत नाहीत. तलवाड्याच्या फाट्यावर उभी राहिले, पण गाड्या मतदानाला लावल्यात, म्हणून परत आले आणि लिहायला बसले. दुसरं काय करू?

वनमाला, एका ओळीचं का होईना, उत्तर दे.
बायनाबाई


सिरसाळा,
४ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस नमस्कार.

मी जिवंत आहे. पंधरा दिवसांत तुमची तीन पत्रं आली, म्हणून कळवते.

त्या सकाळी उठले आणि उंबऱ्यापाशी पडले. कपाळाला पाच टाके आहेत. हे रांग सोडून आले, मतदार आणायला लावलेल्या जीपमध्ये मला घातलं आणि अंबाजोगाईला नेलं. पाच दिवस छातीला वायरी लावून ठेवलं. डॉक्टरांनी काय घेतलं म्हणून विचारलं तेव्हा मी काहीच नाही म्हणणार होते. पण यांनी गोळ्यांचा तो चंदेरी कागद पुढं केला. डॉक्टर यांना म्हणाले की कागद आणला म्हणून उपचार लगेच ठरला, शोधत बसलो असतो तर अवघड होतं. झोपेसाठी आता तिथले डॉक्टर वेगळं काही देणार आहेत, छातीचं बघून.

हे झालं दुखण्याचं. आता दुसरं. यांनी मला दवाखान्यात एका शब्दानं दुखवलं नाही, पण घरी आल्यावर त्यांच्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. आता आळीभर झालंय. शेजारच्या छबुबाईनं परवा तिची नात माझ्या मांडीवरून उचलून नेली. म्हणाली, तुमाला बरं न्हाई, पोरगी तरास देईल. पोरगी झोपलेली होती.

तुम्ही शब्द दिला होता. तो मोडायचा होता तर नुसतं छातीच्या गोळ्यांत गडबड झाली म्हणायचं होतं. मनाच्या गोळ्या म्हणून कावून सांगितलं?

काही दिवस मला पत्र पाठवू नका.
वनमाला


तलवाडा,
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. वनमालास अ. उ. आ.

पाठवू नका म्हणालीस तरी हे एक पाठवते. मग तू म्हणशील तोवर थांबेन.

बीडला जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून ठेवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. म्हणाल्या, बाई, तुमचं दुःख सारखं असेल, शरीर सारखं नाही. मलाही अशा सोडून-जोडून घेतलेल्या गोळ्या कधीतरी भोवल्या असत्या. माझ्या छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती नीट आली. आता उपवास असो नसो, रोज एकच घेते. एखादी राहिली तर राहिली. मनानं बंदही करायची नाही म्हणाल्या, हळूहळू त्याच कमी करतील. घरी कोण असतं म्हणून विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर दर पंधरा दिवसांनी बोलावलंय.

गोळ्या पाठवल्या ती माझी चूक, आणि तुझ्या कपाळाचे पाच टाके माझ्या नावावर. त्यासाठी तू म्हणशील ते ऐकीन. फोनसाठी मात्र माफी मागवत नाही. नुसत्या छातीच्या गोळ्या म्हटलं असतं तर डॉक्टर त्याच दोन गोळ्यांचा विचार करत बसले असते.

आणखी एक आहे, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. तुझे दादा गेले त्या सकाळी त्यांनी ओवा मागितला. छातीत गॅस धरलाय म्हणाले. मी म्हटलं, शेजारच्या भगवानरावांची गाडी सांगते. तर म्हणाले, न्हाई, उगं गावभर करू नको, माझी शपथ घे की कुणाला बोलणार न्हाईस. मी शब्द दिला. दोन तास ओवा, गरम पाणी, पाठ चोळणं चाललं. गाडी अंगणापलीकडं उभी होती. मी हाक मारली तेव्हा उशीर झाला होता. वनमाला, त्यांना दिलेला शब्द मी पाळला.

छबुबाईच्या नातीचं वाचून मला रडू आलं. ते माझ्यामुळं झालं, आणि मला ते निस्तरता येत नाही. तू माझ्यावर राग धर. वर्षभर धर, दोन वर्षं धर. तुझ्या दादांना माझ्यावर रागवायलाही मिळालं नाही.

तू माझ्यावर रागावलेली, पण आहेस, एवढ्यावर मी खुशाल आहे.
वहिनी