झुंबरबाईच्या अकरा कॅसेटी

१४ ऑक्टोबर १९९४, दसरा

व्हिडिओ कॅमेऱ्याला पहिलं गिऱ्हाईक आलं. मखमलाबादची झुंबरबाई. सकाळी फुलबाजारात झेंडू विकला आणि रिकामी पाटी घेऊन थेट आमच्या स्टुडिओत. म्हणाली, "पोराला चार शब्द सांगायचे. मला लिहिता येत नाय, तोंडानं सांगते."

तिचा अमोल दोन वर्षांपूर्वी मनानं लग्न करून बायकोला घेऊन आला, तर बापानं उंबऱ्यावरूनच परत धाडला. तेव्हापासून पत्ता नाही. "बाप बोलला ते पोरानं गिळलं असतं. मी बाजूला उभी व्हते अन् गप राह्यले, ते नाय गिळलं."

कॅमेरा सुरू केला. बाई पदर सारखा करून ताठ उभी. पापणी हलेना. तीन मिनिटं झाली! "बोला की," म्हटलं, तर ओठ न हलवता म्हणते, "आधी फोटू निघू दे."

हा फोटो नव्हे, हे समजावता समजावता माझ्याच तोंडाला फेस आला. "मंग पुढल्या साली बोलते. पत्ता घावला की धाड," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

कॅसेटवर नुसतं '९४' लिहून ठेवलं. हे म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक, तेही मुकं." आमच्या नवरोबांची जीभ म्हणजे लवंगी मिरची. ते फोटो काढतात, व्हिडिओ माझा.

१७ ऑक्टोबर

कॅमेऱ्याचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचते आहे. सातवी पास बाईला एका पानाला दोन दिवस. पानं छप्पन्न.

३ ऑक्टोबर १९९५, दसरा

झुंबरबाई आली. उभी राहिली. गप्प. गेली.

९ मार्च १९९६

आज दुकानाच्या काचेत टीव्ही ठेवला आणि वर कॅमेरा, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यालाच रस्ता दाखवला! दुपारपर्यंत ही गर्दी. लोक स्वतःला बघून भांग पाडतात. एक आजोबा स्वतःलाच रामराम घालून गेले.

"यात धंदा कुठं आहे?" हे विचारतात.

धंदा नाही. पण दिवसभर मला भूक लागली नाही.

२६ ऑक्टोबर २००१, दसरा

आठवी कॅसेट. झुंबरबाईचे मालक वैशाखात गेले. "आता पोराला घरी यायला कुणाची ना नाय. पण सांगू कुठं?" म्हणाली आणि कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तोंड उघडलं. मी श्वास रोखून बसले.

बाई शिंकली.

"एवढं काप," म्हणाली. मी कापायची नाही. शिंक तर शिंक, काहीतरी आवाज आला.

११ डिसेंबर २००४

चित्रकला शिकवणाऱ्या प्रतिभाबाई पासपोर्टचे फोटो काढायला आल्या. फळीवरच्या अकरा कॅसेटी पाहून विचारलं, "यावर नुसती सालं का?" लावून दाखवल्या. सगळ्या पाहिल्या. चहाला साय आली.

"यशोदाबाई, याला व्हिडिओ आर्ट म्हणतात. तुम्ही आर्टिस्ट आहात."

आतून हे ओरडले, "मग नवऱ्याला काय म्हणतात?"

मुंबईला प्रदर्शन करू म्हणतात. मी म्हटलं, झुंबरबाईला विचारल्याशिवाय नाही.

१३ डिसेंबर

मखमलाबादला जाऊन आले. झुंबरबाई शेवंती तोडत होती. "अकरा टीव्हीवर मी? अन् बोलत तर कायबी नाय. लोक ऐकतील काय?"

"ऐकणार नाहीत, बघतील."

हात थांबला. "मुंबईत लय मान्सं आसतील ना? मंग दाखव. एखांदा त्याला वळखत आसंल."

२० सप्टेंबर २००५, मुंबई

अकरा टीव्ही ओळीनं, अकरा झुंबरबाया. डावीकडून उजवीकडे केस पांढरे होत जातात. लुगडं मात्र पाचव्या टीव्हीपर्यंत एकच. एक विद्वान मला काळ आणि मौन यांवर बराच वेळ सांगत होते. मी मान डोलावली. मनात आलं, बाई अकरा वर्षं उभी आहे, हिला कुणी स्टूल देईल का?

मराठी पेपरात फोटो आला. चेहरा तिचा, नाव माझं आणि स्टुडिओचं. पेपरवाल्यांना सांगितलं, तिचंही नाव घाला.

५ ऑक्टोबर

वापीहून फोन. पुरुषाचा आवाज. "पेपरात फोटो आलाय... त्या बाई बऱ्या आहेत का?"

"कोण बोलतंय?"

पलीकडून शब्द नाही. इतका वेळ गप्प, की कुणाचा मुलगा ते लगेच कळलं. वडील गेल्याचं सांगितलं. म्हटलं, दसऱ्याला दहा वाजता ये. ती येतेच.

१२ ऑक्टोबर २००५, दसरा

अमोल आधीच येऊन बसला होता. तिनं पाहिलं. पाटी खाली ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू सर. त्याला दे कॅमेरा."

त्यानं डोळा लावला. ती भिंगाकडे बघून, त्याच्याकडे नाही, सावकाश बोलू लागली. "माझी सूनबाई कशी हाय? पोरं बरी हायेत का? किती हायेत? तिच्या आईबापाची तब्येत? अन् तुझी रं? इकडं मी बरी हाय. घर उघडं हाय. पत्र लौकर धाड."

दोघांत सहा फुटांचं अंतर.

"धाडतो, आई," कॅमेऱ्यामागून.