घरची डॉक्टरीण

प्रिय चिमे,

हे पहिल्यांदा तुझ्याकडे खोकला दाखवायला गेले, त्या सकाळी नळाचं पाणी भरून झालं, मुलाचा डबा भरला, भांडी घासली आणि ह्यांचे कामाचे कपडे मी दाराबाहेर झटकत होते. दगड दळायच्या गिरणीतली ती पांढरी पूड, दोनदा धुऊनही शिवणीत राहायची. तेवढ्यात हे तुझ्या दवाखान्यातून परत आले, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. मी विचारलं, छाती तपासली का? म्हणाले, मेव्हणीकडे गर्दी होती, तिने कंपाउंडरच्या हाती औषध बाहेर पाठवलं. पैसे घेतले नाहीत, हे मात्र दोनदा सांगितलं.

तुझं पुस्तक मी वाचलं. दचकू नकोस. तुझी फी भरता यावी म्हणून मी तिसरीतून शाळा सोडून लोकांची धुणीभांडी करायला लागले. त्यापुढे मी अक्षरालाही शिवले नसेन, असं तू धरून चाललीस. हे वारल्यावर घर खायला उठायचं. तेव्हा सामानाच्या पुडीचे कागद उलगडून अक्षरं जुळवत बसायचे. आता वाचनालयातली बाई माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवते. त्यात तुझंही आलं. तू लिहिलंयस, 'माझ्या नात्यातल्या एका अशिक्षित कामगाराने दोन वर्षं खोकला लपवला. अज्ञान हाच खरा रोग.' वाक्य झकास आहे. भाषणात टाळ्या मिळत असतील.

लपवला? सात वेळा हे तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. आतल्या खुर्च्यांना पूड लागेल म्हणून कंपाउंडरने त्यांना बाहेर बसवलं, आणि ह्यांना ते बरोबरही वाटलं. सात बाटल्या घरी आल्या. छातीला नळी एकदाही लागली नाही. मी मागे लागायचे, छातीच्या दवाखान्यात जाऊन या. तर हसायचे. घरची डॉक्टरीण सोडून परक्याला जीभ कशाला दाखवू, तिला काय वाटेल? तुला वाईट वाटू नये म्हणून ते गेले नाहीत, चिमे. ह्याला तू अज्ञान म्हणतेस, मी भीड म्हणते. तुझ्या वागण्याला जे म्हणते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

त्याच गिरणीच्या मालकाला सर्दी झाली तरी तू बॅग घेऊन त्याच्या घरी जायचीस. तो ऐंशीचा झाला. परवाच काठीशिवाय फिरताना दिसला. हे एक्कावन्नाव्या वर्षी गेले. मालक चौथी नापास आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग तुझा तो अज्ञानाचा रोग त्याला कसा नाही झाला? आणि आपण दोघी तर एकाच आईच्या. तू अजून दोन दोन पायऱ्या चढतेस, मला चार वर्षं काय ती जास्त झाली, तर भिंत धरून उठावं लागतं. हेही घाल पुस्तकात.

परवा सकाळी तुझा ड्रायव्हर आला. नव्या आवृत्तीत छापायला ह्यांचा फोटो हवा म्हणाला. तो दारात असतानाच माझा मुलगा खोकला. तोही त्याच गिरणीत लागलाय, दुसरं कोण घेणार होतं त्याला? ड्रायव्हरने तुला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी तो पुन्हा आला, औषधाची बाटली घेऊन. मी म्हटलं, परत दे. मुलगा म्हणाला, आई, मावशीने आठवणीने पाठवलंय, नको म्हटलं तर तिला काय वाटेल? बापाचे शब्द त्याच्या तोंडून ऐकले आणि हे पत्र लिहायचं ठरवलं. फोटो मिळणार नाही. तुझं औषध मी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मुलाला कामावर खाडा करायला लावला आणि त्याला छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तुझीच,
ताई