वरवंटा पाय रोवून उभा

४ मार्च, बुध.
पुण्याच्या फाँट कंपनीची मेल. माझा फाँट ‘वरवंटा’ जाड आहे म्हणे, “अंगावर येतो”. अक्षरांच्या उभ्या दांड्यांखालचे चौकोनी पाय काढा, जाडी निम्मी करा, मग घेऊ. सोमवारपर्यंत कळवा. तीन वर्षं घासलेलं अक्षर! पाय काढले तर उरतं काय, डोंबल? जेवले नाही.

५ मार्च
अवि म्हणतो, “पहिलाच फाँट आहे तुझा, दे की कापून.” हा नवरा माझा की पुणेकरांचा वकील? मग गपचूप पाय कापून पाहिले. नीटनेटकं, गुळगुळीत, मिळमिळीत. तरी वाटलं, देऊन टाकावं...

६ मार्च, शुक्र.
चांदवड. विमलताईंच्या बचत गटातल्या बायका यंदा कांदा स्वतःच्या नावानं पाठवणार, पोत्यांवरची नावं माझ्या अक्षरात. आजवर बारदानावर नवऱ्याचं नाव जायचं. दोन्ही नमुने नेले, मूळचा आणि कापलेला. पत्र्याच्या स्टेन्सिलनं रिकाम्या पोत्यांवर छापले. सगळ्यांना कापलेलाच आवडला. “लय नाजूक दिसतंय!” माझं तोंड एवढंसं.

विमलताई म्हणाल्या, “थांबा ओ मॅडम. रिकामं पोतं कोन वाचतंय? भरा आदी.”

भरली. कांद्यानं पोती टम्म फुगली आणि नाजूकरावांचं पार गिचमिड झालं. काना कुठे, शिरोरेषा कुठे! वरवंटा मात्र पाय रोवून उभा. विमलताई रस्त्यापलीकडे गेल्या, चष्मा काढला आणि तिथून ओरडून वाचलं, “विमल!” मग परत एकदा, उगाचच. रडू आलं मला. कांद्यांवर ढकललं.

आणि मी अक्कलशून्य, तीन वर्षं सपाट स्क्रीनवरच बघत बसले होते.

९ मार्च, सोम.
पुण्याला उत्तर. एक ओळ : पाय राहतील, जाडीही. सोबत भरलेल्या पोत्यांचा फोटो. अवि मागे उभा राहून वाचत होता. “निदान ‘कृपया’ तरी लिही.” नाही लिहिलं.

१२ मार्च
विमलताईंचा फोन. ट्रक भरून गेला. हमाल, ड्रायव्हर, व्यापारी, “समदे इचारत व्हते, ह्या बाया कोन हायेत?” शेजारच्या गावातल्या बायांनाही आता नावं हवीत. वा रे माझ्या पठ्ठ्या! एकटीच घरभर नाचले. अविनं आपणहून चहा केला, वकिली सोडली बहुतेक.

१६ मार्च, सोम.
पुण्याहून फोन, थेट मालकांचा. फोटो बघितला, छान आहे, पाय ठेवू, पण जाडी जरा तरी... म्हटलं, तुमचे चार फाँट घेऊन चांदवडला या. माझा एक. पाचही भरलेल्या पोत्यांवर छापू, विमलताई रस्त्यापलीकडून वाचतील. मला वाटलं, आता ठेवतील फोन.

तर म्हणाले, “कधी येऊ?”

शनिवार सांगितलाय. घेतील, न घेतील. मी मात्र जाम खूश आहे.